दहावी ते अठरा: वस्तीत किशोर गट उभा करताना

कमी वयातलं गरोदरपण म्हटलं की अनेकांना आधी प्रेमप्रकरणं आठवतात. सोलापूर जिल्ह्यात मात्र बहुतेक मुलींच्या बाबतीत त्याआधी मांडव पडलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांना लग्नाचं वय विचारलं. महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सोलापूर जिल्ह्यात हा आकडा ४० टक्क्यांच्या घरात होता. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला पाहिजे ही अपेक्षा घरोघरी असतेच. त्यामुळे सोळाव्या वर्षी मुलगी गरोदर राहू नये असं वाटत असेल, तर तिचं लग्न पुढे जाणं हाच कामाचा सगळ्यात मोठा भाग आहे.

लग्न भाषणाने पुढे जात नाही. ते पुढे जातं ते आईला चार नातेवाइकांपुढे सांगण्याजोगं कारण मिळाल्यावर: ‘तिची बारावी होऊ दे’, ‘तिचा शिवणाचा कोर्स चालू आहे’, ‘आत्ताच फॉर्म भरलाय’. वस्तीतला किशोर गट चालवायचा तो असं खरंखुरं कारण प्रत्येक घरात तयार करण्यासाठी. शरीराची माहिती, कायदा, खेळ हे सगळं त्याच्या सोबतीने येतं.

हे होऊ शकतं याचा चांगला दाखला महाराष्ट्रातच आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी तासभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. वर्षात २२५ तास. शिकवणाऱ्या बायका आसपासच्याच, किमान सातवी शिकलेल्या. त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय (निम्म्या मुलींची लग्नं ज्या वयापर्यंत होतात ते) १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष ऐकायला लहान वाटतं, पण त्या वर्षात दहावी होते, अंगात रक्त वाढतं आणि मुलगी ‘नको’ म्हणायला शिकते.

आधी एकच वस्ती, दोनशे ते तीनशे घरं

युवक मंडळ असो, बचत गट असो, महाविद्यालयातल्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं असोत, पहिल्या वर्षी एकच जागा धरा. शहरात पूर्व भागातली एखादी पेठ किंवा विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) काही गल्ल्या. ग्रामीण भागात एक गाव, तेही मोठं असेल तर दोन आळ्या. पाच वस्त्यांत महिन्यातून एकेक कार्यक्रम करण्यापेक्षा एका वस्तीत आठवड्यातून तीन संध्याकाळी बसणं जास्त उपयोगी. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला कोणतीही मुलगी घरात स्थळ आल्याचं सांगत नाही.

वस्तीचा धंदा आधी समजून घ्या, कारण लग्नाचं कारण त्यातच दडलेलं असतं. विडीच्या घरात मुलगी दहा-अकराव्या वर्षापासून आईच्या शेजारी सुपात पानं-तंबाखू घेऊन बसते. तिचा हात घराच्या रोजच्या हजेरीत धरलेला असतो, म्हणून शाळा आधी सुटते आणि लग्न मागून येतं. यंत्रमागावर वडील आणि भाऊ बारा-बारा तासांच्या पाळीत असतील, तर ‘घरी पोर एकटी’ ही भीती मोठी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हिशोबच जोडप्याचा: नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल (आगाऊ रक्कम) त्या हिशोबाने. मुलाचं लग्न झालं की घरात आणखी एक कोयता तयार होतो. शिवाय मुलीला मागे ठेवायचं कुणाकडे हा प्रश्न असतोच. काही समाजांत मामाशी किंवा मामे-आतेभावाशी सोयरीक लहानपणीच बोलून ठेवलेली असते. तिथे बघण्याचा कार्यक्रम होतच नाही आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. थोरलीच्या मांडवात धाकटीलाही उभं करायचं, खर्च वाचतो, हा प्रकार तर सगळीकडे.

यादी: पहिले तीन आठवडे

अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना सोबत घेऊन ११ ते १८ वयाच्या सगळ्या मुलामुलींची नावं लिहा. रकाने इतकेच: नाव, जन्मतारीख (कशावरून घेतली तेही), शाळेत आहे की नाही, सुटली असेल तर कितवीत आणि कोणत्या महिन्यात, घरी काय काम करते, आईवडिलांपैकी कोण आहे, थोरल्या बहिणीचं लग्न कोणत्या वयात झालं. शेवटचा रकाना सोडू नका. थोरली सोळाव्या वर्षी उजवली असेल, तर धाकटीचा नंबर त्याच वयात लागण्याची शक्यता मोठी.

शाळेकडून सातवी, आठवी आणि दहावीनंतर गळालेल्या मुलींची यादी वेगळी मागा. हजेरीपटावर नाव असतं आणि मुलगी तीन महिने आलेली नसते, असंही होतं. म्हणून घरी जाऊन पाहणं टाळू नका.

वहीवर ‘बालविवाहाचा धोका’ असलं काही लिहू नका. ती वही एकदा कुणाच्या हाती पडली की वस्तीचं दार बंद झालं समजा. ‘किशोर गट, हजेरी’ इतकं पुरे.

कुणाला आधी भेटायचं

गावात सरपंच, ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि गाव बाल संरक्षण समितीतल्या बायका. ही समिती बऱ्याच गावांत कागदावर असते. तिची बैठक लावून घेणं हेच पहिलं काम ठरू शकतं. शहरात नगरसेवकापेक्षा गल्लीतल्या दोन-तीन जुन्या बायका आणि समाजाच्या मंडळाचे पंच अधिक कामाचे. लग्न जमवणारी मध्यस्थ मंडळीही ओळखीची असू द्या. त्यांच्याशी वैर धरून उपयोग नाही, कारण बातमी सगळ्यात आधी त्यांनाच कळते.

या भेटींत ‘आम्ही बालविवाह रोखायला आलो’ असं म्हणू नका. खेळ, अभ्यास आणि आरोग्याचा वर्ग आहे, दहावी-बारावीचे फॉर्म भरून देणार आहोत, एवढं सांगा. हे खोटं नाही, तुम्ही तेच करणार आहात. कुणी थेट विचारलं की लग्नाच्या वयाबद्दल बोलणार का, तर हो म्हणा.

भाषेचं आधी ठरवा. पूर्व भागात कितीतरी आयांची घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कानडी, काही मोहल्ल्यांत उर्दू. मुलींबरोबर मराठीत काम चालतं. आयांची बैठक त्यांच्या भाषेत झाली नाही, तर त्या मान हलवतात आणि उठून जातात.

ताई आणि दादा

मुलींच्या गटाला ताई, मुलांच्या गटाला दादा. वय २० ते ३०, राहणार त्याच वस्तीतले किंवा शेजारचे, किमान बारावी. पदवीपेक्षा दोन गोष्टी पाहा: मुलगी रडत आली तर ही व्यक्ती तिला आधी बसवून घेते की उपदेश सुरू करते, आणि तिच्या पोटात गोष्ट राहते का. स्वतः शिकण्यासाठी घरात भांडलेली मुलगी बहुधा उत्तम ताई होते.

नेमण्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. नियम लेखी द्या आणि सही घ्या: बंद खोलीत एकट्या मुलीबरोबर किंवा मुलाबरोबर बसायचं नाही, मुलींचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचे नाहीत, रात्री खासगी मेसेज नाही, मारणं, चिडवणं, जातीवरून बोलणं नाही. दादा मुलींच्या घरी एकटा जाणार नाही. असे नियम अपमान वाटून कुणी नाही म्हणालं, तर तो माणूस नको.

तयारीसाठी पहिल्या महिन्यात सहा पूर्ण दिवस द्या. त्यातला एक दिवस पूर्णपणे कायदा आणि तक्रारीच्या वाटांसाठी ठेवा.

जागा, वेळ, गटाचा आकार

एका गटात १५ ते २० जणी. ११ ते १४ आणि १५ ते १८ वेगळे. एकत्र बसवलं तर मोठ्या बोलत नाहीत आणि लहान नुसत्या ऐकतात. जागा घरापासून पाच मिनिटांच्या आत, उजेडातली, शौचालय असलेली: समाजमंदिर, शाळेची खोली, अंगणवाडी. मंदिर किंवा मशिदीचं सभागृह मिळत असेल तरी टाळलेलं बरं, निम्मी वस्ती येणार नाही.

वेळ मुलींना विचारून ठरवा. विडीच्या घरात सकाळी माल कारखान्यात देईपर्यंत कुणी मोकळं नसतं. संध्याकाळी पाणी येण्याची वेळ असेल तर गट रिकामा राहतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे लक्षात असू द्या. पाण्याच्या दिवसाचं वेळापत्रक गटाच्या भिंतीवरच लावा.

आठवड्यात तीन दिवस, एकेक तास. एक दिवस खेळ (कबड्डी, खो-खो, दोरीच्या उड्या), एक दिवस अभ्यास, एक दिवस गप्पांचं सत्र. खेळाला कमी लेखू नका. मैदानात आरडाओरडा करणाऱ्या मुलीला घरातही आवाज फुटतो. गळती मात्र खेळातूनच सुरू होते. ‘एवढी घोडी झाली तरी उड्या मारते’ असं एखादी म्हातारी म्हणते आणि दुसऱ्या दिवशी तीन मुली येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे त्याच म्हातारीला खेळाच्या दिवशी खुर्ची टाकून बसवणं.

वर्षाची आखणी इथल्या पंचांगाप्रमाणे

सुरुवात जूनमध्ये, शाळेबरोबर. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तेव्हा मुलींचा आणि आयांचा विश्वास दिवाळीच्या आत बसला पाहिजे. ऊसतोडीची घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी मुलीला मागे कुठे ठेवायचं हे ठरवा: आजी, हंगामी वसतिगृह, नात्यातलं घर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत हजेरी पडते, ती पडू द्या. वाटल्यास गट घेऊनच यात्रेला जा. एप्रिल-मेमध्ये अक्षय्य तृतीया, आणि मे-जूनमध्ये दहावीचा निकाल.

निकालानंतरचे पंधरा दिवस वर्षातले सगळ्यात नाजूक. नापास झालेल्या मुलीचं स्थळ त्याच पंधरवड्यात येतं. निकालाच्या दिवशी ताईने गटातल्या प्रत्येक दहावीच्या मुलीच्या घरी जायचं, पास असो वा नापास. नापास असेल तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी निघतो हे त्याच दिवशी आईला सांगायचं. आईच्या हाती कारण द्यायचं ते तेव्हा.

गप्पांच्या सत्रांचा क्रम असा ठेवा: पहिले दोन महिने ओळख, वस्तीचा नकाशा, भांडण कसं मिटवायचं, पैशाचा हिशोब, बँकेचं खातं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आहार, रक्त, पाळी. पाचव्या-सहाव्यात शरीर, गर्भधारणा, संमती, मोबाइल. नंतर कायदा, स्थळ आलं तर घरी कसं बोलायचं याचा सराव, पुढचं शिक्षण आणि कामधंदा. पहिल्या आठवड्यात शरीरावर बोलणारा वर्ग दुसऱ्या आठवड्यात रिकामा असतो.

शरीराची सत्रं

बाहेरून डॉक्टर आणून दोनशे मुलींना एका हॉलमध्ये दोन तास सांगणं हा सगळ्यात रूढ आणि सगळ्यात निरुपयोगी प्रकार. कुणी प्रश्न विचारत नाही. गटातच आठ बैठका करा, मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. झाकणाला चीर पाडलेला एक डबा कोपऱ्यात कायम ठेवा. चिठ्ठीवर नाव नको. सगळ्यांना कागद द्या आणि सगळ्यांना काहीतरी लिहायला लावा, नाहीतर लिहिणारी कोण ते लगेच कळतं. उत्तर येत नसेल तर पुढच्या वेळी विचारून सांगते म्हणा, आणि खरंच सांगा.

नेमकं काय सांगायचं? पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं. या वयात पाळी अनियमित असते, म्हणून ‘सुरक्षित दिवस’ मोजण्यावर विसंबता येत नाही. पहिल्याच संबंधातून गर्भ राहू शकतो. निरोध नीट वापरला तर गर्भ आणि आजार दोन्हींपासून संरक्षण देतो. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी परिणामकारक. ती गर्भपाताची गोळी नाही आणि नेहमीचं साधनही नाही. पाळी चुकली तर लघवीच्या पट्टीवर तपासणी करता येते. सरकारी ‘निश्चय’ पट्टी आशाताईकडे मिळते.

अठराच्या आतलं बाळंतपण का अवघड हे भीती न घालता सांगा: मुलीच्या अंगात मुळातच रक्त कमी असतं, गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका मोठ्या बायकांपेक्षा जास्त असतो, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. लगोलग हिमोग्लोबिन तपासायला न्या. १२ पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, चहाबरोबर नाही. शाळेत असलेल्यांना ती शाळेत, नसलेल्यांना अंगणवाडीत मिळते. मळमळते म्हणून मुली ती फेकतात, म्हणून गटातच, खाऊनंतर, एकदम सगळ्यांनी घ्यायची.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाचे किशोरवयीनांचे कक्ष आहेत. जवळचा कोणता, वार आणि वेळ कोणती, समुपदेशक कोण, हे आधी स्वतः जाऊन पाहा, मग गटाला एकदा सहल म्हणून तिथे न्या. दार पाहिलेलं असलं की अडचणीत पाऊल पडतं.

मुलगे

मुलांचा गट नसेल तर काम अर्धंच. १५ ते २० वयाचे १२-१५ जण, आठवड्यात दोन दिवस, कामाच्या पाळीप्रमाणे वेळ. खेळाने सुरुवात, पण नुसता क्रिकेटचा संघ होऊ देऊ नका.

त्यांना तीन गोष्टी नीट कळायला हव्यात. मोबाइलवर दिसतं ते खऱ्या नात्यासारखं नसतं. तिने गप्प राहणं म्हणजे हो नव्हे. आणि १८ च्या आतल्या मुलीची संमती कायद्यात धरत नाहीत: ‘तिच्या मर्जीने’ झालं तरी पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, लग्न झालेलं असलं तरीही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही पत्नीसाठीची वयोमर्यादा १८ च आहे. वीस वर्षांच्या मुलाचं सोळा वर्षांच्या मुलीशी लग्न लावलं तर कायद्याचा फास पोरावरही बसतो, हे मुलाच्या बापाला सांगितलं की तोच पुष्कळदा थांबायला तयार होतो.

कागदपत्रं: कारण इथे तयार होतं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त लग्नं यानेच पुढे जातात. शाळा सुटलेल्या मुलीला दहावी किंवा बारावी बाहेरून द्यायची असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतो. दाखला जुन्या शाळेतून काढायला दोन-तीन फेऱ्या होतात, म्हणून मुदत जाहीर होण्याची वाट न पाहता जुलैतच काढून ठेवा. आधार आणि दाखल्यावरच्या नावात, आडनावाच्या अक्षरात फरक असतो. तेलुगू आणि कानडी आडनावांत हे फार होतं. दुरुस्तीला वेळ जातो.

अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहे. ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर आणि वडील कामावर, एवढ्यावर प्रवेशाची फेरी हुकते. फॉर्म भरायचा दिवस वडिलांच्या सुट्टीला धरून ठरवा.

गावातून तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. तो काढून द्या आणि चार-पाच मुलींची जाण्यायेण्याची सोबत लावा. बस चुकली की शाळा सुटते. आईवडिलांपैकी एक नसलेल्या मुलीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. त्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. बाप नसलेल्या मुलीचं लग्न ‘जबाबदारी उतरवायची’ म्हणून फार लवकर लागतं, तिथे हे पैसे थेट उपयोगी पडतात. ‘लेक लाडकी’ योजनेचं नाव लोक घेतील, पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. आजच्या चौदा वर्षांच्या मुलीला त्यातून काही मिळणार नाही, खोटी आशा लावू नका.

आईवडिलांच्या बैठका

दोन महिन्यांतून एक, आयांची वेगळी, वडिलांची वेगळी. हातातलं काम घेऊन या असं आयांना सांगा. विड्या वळता वळता बोलणं मोकळं होतं. बैठकीत कायदा शेवटी काढा. आधी मुलींनी केलेलं काही दाखवा: हिशोबाची वही, कबड्डीचा सामना. भीती बहुतेक एकच असते, पोर कुणाबरोबर पळून गेली तर. तिची थट्टा करू नका. मुलगी ताईशी मोकळं बोलते म्हणून अशा गोष्टी वेळेत कळतात, हे त्यांना पटू शकतं.

स्थळ आलं, सुपारी फुटली

खुणा: मुलगी अचानक दोन दिवस येत नाही, नवीन साडी, हाताला मेंदी, मावशीकडे पाठवल्याचं सांगणं, शाळेतून दाखला काढणं. त्याच संध्याकाळी ताईने घरी जायचं, एकटीने, रागाने नाही.

बोलणी चालू असतील तेव्हाच थांबवणं सोपं. साखरपुडा झाल्यावर घरची अब्रू गुंतते. मांडवात पोहोचल्यावर मुलीवरचा राग आयुष्यभर राहतो. म्हणून आधी घरात बोला. मग थोरला मामा, आजी, शिक्षक यांच्यामार्फत. एवढ्याने थांबलं नाही तर अजिबात दिवस घालवू नका: १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकाला फोन करा. मुलीचं नाव, वय किंवा इयत्ता, पत्ता, लग्नाची तारीख, ठिकाण, मुलाकडचं गाव हे जवळ ठेवा. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा असं सांगा. फोन ताईने करण्यापेक्षा संस्थेतल्या बाहेरच्या माणसाने करावा, तिला त्याच गल्लीत राहायचं असतं.

बालविवाह प्रतिबंधक अधिकारी गावात ग्रामसेवक, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. लग्न लावणारे, ठरवणारे आणि करून घेणारा १८ वर्षांवरचा नवरा यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला पहिला, तो नसेल तर जन्मदाखला. दोन्हीची प्रत यादी करतानाच घेतली असेल तर हा अर्धा दिवस वाचतो.

लग्न थांबलं, हमीपत्र लिहून दिलं, की सगळे घरी जातात, आणि तेच लग्न पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात किंवा सीमेपलीकडे विजयपूर-कलबुर्गीकडे लागतं. पहिले दोन महिने आठवड्याला एक भेट ठेवा. मुलीला घरात मारहाण किंवा कोंडून ठेवणं होत असेल तर बाल कल्याण समितीला कळवा.

दिवस गेले असतील तर

इथे चुकीला फार मोठी किंमत आहे. मेडिकलमधून गोळ्या आणून देणं, पपई-काढे, दाईकडे नेणं, यातलं काहीही गटातल्या कुणीही करायचं नाही. अर्धवट गर्भपाताने रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

शेवटची पाळी कधी आली ते विचारा आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. सोलापुरात सिव्हिल, तालुक्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात होतो. २० ते २४ आठवड्यांत, मुलगी अल्पवयीन असेल तर, दोन डॉक्टरांच्या मताने. पालकाची लेखी संमती लागते. ठेवायचा की नाही यात मुलीचं म्हणणं आधी, एकटीला बसवून, ऐका. मुली तीन-चार महिने लपवतात, म्हणून दिवस मोजणं सगळ्यात आधी.

अठराच्या आतलं गरोदरपण म्हणजे पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक, डॉक्टरांना आणि तुम्हालाही. न कळवणं हा गुन्हा आहे. हे मुलीला प्रसंग आल्यावर नव्हे, वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायचं असतं: ‘तू सांगशील ते पोटात ठेवीन, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक संबंधाची गोष्ट असेल तर मला पुढे सांगावं लागेल, आणि तुला सांगूनच सांगेन.’ मुलीला दगा दिल्यासारखं वाटू नये म्हणून हे वाक्य ताईला पाठ हवं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं आहे की, संमतीच्या संबंधातून अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिच्या आणि पालकाच्या विनंतीवरून डॉक्टरांना पोलीस अहवालात तिची ओळख उघड करावी लागत नाही. जबरदस्ती झाली असेल तर उपचार आधी आणि मोफत. एफआयआर आणा म्हणून रुग्णालयाला अडवता येत नाही.

बाळंतपण होणार असेल तर बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, किमान चार तपासण्या, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन प्रत्येक वेळी, बाळंतपण रुग्णालयातच.

गटात लग्न झालेल्या मुलीही घ्या. सगळे त्यांना विसरतात. पहिलं मूल पुढे ढकलायला आशाताईमार्फत साधनं मोफत मिळतात: निरोध, गोळ्या, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा). सासूशी आशाताईने बोललेलं जास्त चालतं, ‘अंगात रक्त भरू दे, मग नातू’ या शब्दांत.

खर्च आणि वही

मुलींचा एक आणि मुलांचा एक गट धरून वर्षाला साधारण ८५ हजार: ताई आणि दादाला दहा महिने अडीच-अडीच हजार (५० हजार), खेळ-वह्या-तक्ते सहा हजार, आठवड्यातून एकदा शेंगदाण्याची चिक्की किंवा उसळ १४ हजार, फॉर्म-फी आणि प्रवासाचा फंड १५ हजार. पैसे कमी पडले तर खाऊ कमी करा, फंडाला हात लावू नका. तीनशे-चारशे रुपयांसाठी फॉर्म राहतो.

दर महिन्याला चारच आकडे काढा: किती जणींची हजेरी तीनचतुर्थांशाहून जास्त, किती शाळेत किंवा फॉर्म भरलेल्या, किती घरांत स्थळाची बोलणी ऐकू आली, त्यातली किती थांबली. किती लोकांनी भाषण ऐकलं हे मोजू नका. पुढच्या जूनमध्ये यादीची पहिली वही काढून एकेका नावापुढे ती आज कुठे आहे ते लिहा. ज्या नावापुढे ‘माहीत नाही’ लिहावं लागेल, त्या घरी त्याच संध्याकाळी जा.